घसारा

सनय्यातलं अकरा नंबरचं शेड,
आग लागून तिसरा दिवस.
पत्रे अजून मधूनच कडकन वाजतात
आणि पोटमाळ्यावरून काळं पाणी ठिबकतंय.
ऑगस्टमधल्या अजमानात तेवढाच काय तो गारवा.

मी गुडघ्यावर बसतो, टॉर्च तिरपा धरतो.
सरळ उजेडात राख सगळी एकसारखीच दिसते.

दाव्यात लिहिलंय: रेशीम, चारशे वीस ठाण.
मालक खलफान दारातच उभे,
गुत्र्याचं टोक नाकाला लावून.
"सगळं गेलं. चांगल्यातलं चांगलं गेलं."
रेशीम जळलं तर केस जळल्याचा वास येतो,
चिमटीत धरलं तर त्याचं काजळ होतं.
इथे टाचेखाली मणी फुटतायत,
वितळून थिजलेल्या पॉलिस्टरचे.
फक्त एका सुती अस्तराची घडी तशीच आहे,
उभा धागा, आडवा धागा,
श्वास रोखला तर मोजता येईल अशी.
सुंभ जळतो, पीळ राहतो,
आई म्हणायची, कुणाच्या तरी तोऱ्याबद्दल, टोचून.
मी वीस वर्षं त्याच पिळावर पगार घेतोय.

शिलाई मशिनं: मागणी चाळीस.
मुंडकी मिळाली सव्वीस.
प्रत्येकावर खडूने आकडा टाकला.
बाकीची चौदा?
"दुरुस्तीला होती."
पावती?
"जळाली."
पावत्या नेहमीच जळतात,
कोटेशनं तेवढी वाचतात.

मग वजाबाक्या.
सव्वीस मशिनं, वय नऊ वर्षं, घसारा वजा.
भंगाराला दिरहमात जे येईल ते वजा.
विमाच मुळात निम्म्या मालाचा,
म्हणून नुकसानही निम्मंच धरायचं.
झाकली मूठ सव्वा लाखाची,
आणि मी एकेक बोट उघडणारा माणूस.
खलफान हे ऐकता ऐकता रडले.
मी नजर वळवली, पण नोंद ठेवली मनात:
दावा फुगवलेला असला
तरी आग खरीच असते.

आता पोटमाळा.
शिडी ओली. वर स्टीलची नऊ ताटं, एकात एक,
वरचं काळं, मधली सात चकचकीत.
एक किटली, तळ गेलेली.
आणि भिंत.
काजळी छतापासून जमिनीपर्यंत, सलग,
फक्त नऊ जागी फिके चौकोन,
दिवसा गुंडाळून टेकवल्यासारखे नाहीत,
माणसाच्या लांबीचे, जमिनीलगत.

पॉलिसीचं सातवं कलम मला पाठ आहे:
आत रात्री कुणी झोपणार नाही.

खाली ट्रकच्या सावलीत मोतालेब,
डाव्या हाताला पट्टी.
"रात को कोई नहीं था, साब."
चार महिन्यांचा पगार बाकी आहे त्याचा,
आणि त्याच्यासारख्या आठ जणांचा.
विमा आला की देतो, असं खलफान म्हणालेत.
विमा येईल तो माझ्या सहीवरून येईल.

मी आधी वायर पाहिली.
तांब्याचा वितळलेला थेंब सापडला तो खाली,
एसीच्या मागे, पोटमाळ्यापासून अकरा मीटर दूर.
अहवालात हे वाक्य सगळ्यात वर घेतलं,
जरा जाड अक्षरात:
आग खाली लागली.
किटलीचा संबंध नाही.

पण भिंत उरतेच.
देऱ्यात अठ्ठ्याण्णव साली माझाही असाच चौकोन होता,
कुरियनच्या पायाशी, फ्रीजच्या डोक्याशी.
त्याची रुंदी मला अजून पाठीने माहीत आहे.
फॉर्मात रकाने तीन:
वर्णन, वय, मूल्य.

फोटो काढला, एकशे चौदावा.
मोजपट्टी बाहेर काढली, दुसरं टोक धरायला
कुणी तरी हवं होतं.
मोतालेब स्वतःहूनच वर आला,
पट्टीवाला हात जपत वाकला,
आणि भिंत न पाहता, मी काही न सांगता,
टोक नेमकं तिथे ठेवलं
जिथे उशी असायची.